पोच्यांचा पंचनामा

भांडे माणसावर आदळले तर त्याला पोचा पडत नाही. माणूस मऊ असतो, धक्का तोच शोषून घेतो. पोचा पडतो तो नंतर, भांडे उंबरठ्यावर किंवा चुलीच्या कडेवर जाऊन पडते तेव्हा. हे मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी शिकवले नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी बाबांनी आईच्या अंगावर पितळी परात फेकली, तेव्हा मी ते पाहिले. परात आईच्या गळ्याच्या हाडाला लागली, उसळली, उंबरठ्यावर आपटली आणि तिची कड एका जागी आत वळली. कणकेचा गोळा भिंतीला चिकटून राहिला. आईने आधी कणीक काढली, मग खांद्याला हात लावला.

भांडण भांड्यांवरूनच झाले होते, पण आमच्या नव्हे.

उज्जैनला आम्ही राहत होतो ती वसाहत स्वातंत्र्यानंतर सरकारने गिरणी कामगारांसाठी बांधली होती. माधव नगरच्या पलीकडे, मोकळ्या माळावर आठ-आठ खोल्यांच्या ओळी आणि प्रत्येक ओळीला एक नळ. भाड्याचा काही भाग सरकार सोसत असे, त्यामुळे शहरात तेवढ्या पैशांत गोठाही मिळाला नसता. आमच्या ओळीत सात कुटुंबे माळव्यातल्या विणकरांची आणि सूत कातणाऱ्या कातारींची होती. आठवे आमचे, म्हणजे एकटे मराठी. बाबा गिरणीत टाइमकीपर होते. मागे तीन पिढ्या आमच्याकडे दरबारची कारकुनी झाली होती. तिच्यातले बाबांच्या वाट्याला आले होते ते सुंदर अक्षर, आणि अडचण चारचौघांत न सांगण्याची सवय. ओळ त्यांना बाबूसाहब म्हणत असे.

उन्हाळ्यापासून गिरणी अर्ध्या पाळीवर चालत होती आणि पगारही अर्धाच येत होता. ओळीतल्या सगळ्यांचे भाडे थकले होते, आमचेही पाच महिन्यांचे. फरक एवढाच, की ते सगळे तसे सांगत आणि बाबा सांगत नसत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते धुतलेला सदरा घालून, छत्री घेऊन वसाहतीच्या कार्यालयाकडे निघत. ओळ त्यांना जाताना पाही आणि तासाभराने येताना पाही. मधल्या तासात ते खिडकीपाशी न जाता मागच्या लिंबाखाली बसून परत येत, हे फक्त आई आणि मी जाणत होतो.

त्यांच्याजवळ यासाठी एक उपपत्ती होती. राज्यांची पुनर्रचना ठरली होती. मध्यभारत राज्य विसर्जित होणार होते आणि राजधानी भोपाळला जाणार होती. ज्या सरकारचे देणे आहे ते सरकारच उरले नाही, तर देणे कुणाचे? बाबांनी हे मला कागदावर मांडून दाखवले. मी ते तपासले आणि तर्कात दोष नाही असे सांगितले. गृहीतक तपासायचे मी विसरले. आपल्या बुद्धीचा सल्ला घेतला जातो आहे याचाच मला आनंद झाला होता. प्रत्यक्षात झाले उलटे. राज्य बदलण्यापूर्वी जुनी वसुली संपवून टाका, असा हुकूम सुटला आणि वसाहतीत कुर्की सुरू झाली. जप्तीला उज्जैनमध्ये मराठी माणूसही कुर्कीच म्हणतो.

कुर्कीचा अमीन, म्हणजे वसुलीचा अधिकारी, दोन शिपायांसह बैलगाडी घेऊन येई. मागच्या ओळीत त्याच्या शिपायाने दारात आडव्या पडलेल्या एका म्हातारीला पायाला धरून ओढले होते. तिच्या मुलाने शिपायाला चावा घेतला, आणि मग त्या मुलाचे चार दात गेले. चुलीवरचा तवा, पातेले, अंथरूण आणि बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र कायद्याने सुटत असे. बाकी पितळ-तांबे गाडीत जाई. यावर वसाहतीने एक रीत काढली होती. अमीन येणार अशी कुणकुण लागली की थकबाकीदारांनी आपले हंडे, घागरी, बंब उचलून ज्याचे भाडे पूर्ण भरलेले आहे अशा घरात ठेवायचे. त्या घरात अमीन पाऊल टाकू शकत नसे. आमच्या ओळीत असे घर कोणते, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

दसऱ्यानंतर दुसऱ्या आठवड्यात भांडी येऊ लागली. बाया डोक्यावरून आणत, आईला भाभी म्हणून हाक मारत आणि भिंतीशी लावून ठेवत. बाबा दारात उभे राहून, इधर रखो, उधर जगह है, असे सांगत. संध्याकाळपर्यंत आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना आई म्हणाली, की अहो, अजून वेळ आहे, आपलेही थकले आहे हे त्यांना सांगा. मग परात उडाली.

त्यानंतर दोन दिवस भांडी तशीच भिंतीशी राहिली. माझ्या लॉगॅरिथमच्या पुस्तकात एक पाकीट होते. माधव नगरमधल्या एका ठेकेदाराच्या दोन मुलींना वर्षभर गणित शिकवून मी परीक्षेची फी साठवली होती. फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस शुक्रवार होता आणि कॉलेजची खिडकी तीन वाजता बंद होत असे. फी चुकली की वर्ष चुकणार होते. वर्ष चुकले की नाशिकच्या मामाने पाहून ठेवलेले स्थळ होते, आणि त्या स्थळाला सायन्स नको होते. मला काय हवे होते ते मला स्पष्ट ठाऊक होते. त्या पाकिटाने आमची सगळी थकबाकी फिटली नसती. पण अमीन हप्ता घेऊन परत जातो हे मी मागच्या ओळीत पाहिले होते.

अमीन आला तो शुक्रवारीच, सकाळी नवाच्या सुमारास. त्याने कागद उलगडला, ओळीवरून नजर फिरवली आणि पहिल्यांदा आमच्याच दाराशी येऊन थांबला. यादीत सर्वांत मोठी रक्कम आमची होती.

ओळीतली माणसे दारांतून बाहेर आली. मग बाबांचे नाव वाचले गेले आणि सगळे कळले. शेजारचा विणकर धावत आला आणि आपली घागर उचलू लागला. शिपायाने त्याच्या बोटांवर दंडुका मारला. विणकराने तीच घागर दोन्ही हातांनी फिरवली. ती शिपायाला न लागता मागे उभ्या असलेल्या अमिनाच्या मनगटाला लागली. दुसऱ्या शिपायाने विणकराच्या पोटात गुडघा घातला. ओळीतून आणखी चौघे धावले. कोणाच्या हातात मागाचा दांडा होता, कोणाच्या हातात वीट. बायांनी आपापल्या नवऱ्यांना मागून कमरेला धरले. विटेने आमच्या दाराची बिजागरी तुटली. बाबा खोलीच्या आत भिंतीला पाठ लावून उभे होते, हातात छत्री होती.

अमीन सुजलेले मनगट धरून ओट्यावर बसला. तो रागावला नव्हता, आणि हेच अधिक भीतीचे होते. त्याने सांगितले, की भाडेकरूच्या खोलीत सापडलेली प्रत्येक वस्तू भाडेकरूची समजली जाते, सबब सगळे गाडीत चढेल, आणि पुन्हा हात उचलला गेला तर पोलीस येतील.

आईने माझ्याकडे पाहिले. पाकीट कुठे आहे ते तिला ठाऊक होते. 

मी पाकीट काढले नाही. मी कुर्कीची नोटीस काढली. तिच्या मागच्या बाजूला बारीक हिंदीत अटी छापल्या होत्या. ओळीत त्या कोणी वाचल्या नव्हत्या, मी वाचल्या होत्या. सहावी अट अशी होती, की दुसऱ्या कोणाची वस्तू सापडल्यास त्याने दोन पंचांसमक्ष खूण पटवावी, म्हणजे ती वस्तू वगळता येते आणि त्या फेरीत तिच्यावर कोणाच्याच थकबाकीपोटी जप्ती येत नाही. मी ती अट अमिनापुढे धरली. त्याने ती पूर्ण वाचली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“पढ़ती हो?”

“बी.एस्सी.”

“तो लिखो,” तो म्हणाला. “मेरा हाथ तो तुम्हारे पड़ोसी ने तोड़ दिया.”

अशा रीतीने पंचनामा मी लिहिला. ओळीतलेच दोन पुरुष पंच झाले. एक तो शेजारचा विणकर, पोट दाबून बसलेला. दुसरा टोकाच्या खोलीतला कातारी.

मला वाटले होते, काम सोपे आहे. भांड्यांवर नावे कोरलेली होतीच. पण ती नावे बायांच्या बापांची, मामांची होती. लग्नात आलेली भांडी सगळी. यादीतल्या एकाही भाडेकरूशी नाव जुळेना, आणि कुणाचा मामा कोण याचा पुरावा कुणाजवळ नव्हता. अमिनाने नावे बाद केली. “निशानी बताओ,” तो म्हणाला. “कोई पिचक, कोई जोड़. और कैसे हुई, वो भी. नहीं तो पिचका तो हर बर्तन है.”

पहिली पुढे आली ती त्याच विणकराची बायको. ती आमची शेजारीण, उंच, हाडापेराने मजबूत आणि नळावर सगळ्यांना टोमणे मारणारी. तिने बोट दाखवले, “यो म्हारो घड़ो हे. पेट पे पिचको हे.” अमिनाने घागर फिरवून पोचा पाहिला आणि तो कसा पडला ते विचारले. तिने पंचाकडे, म्हणजे आपल्या नवऱ्याकडे पाहिले.

“होळी पे इने म्हारे माथा पे फेंक्यो थो,” ती म्हणाली. होळीला याने माझ्या डोक्यावर फेकली होती. मग तिने पदर मागे सारून भांगाशेजारचा व्रण दाखवला, कारण खूण जुळवायची तर दोन्ही बाजूंनी जुळवावी, असे तिला वाटले असावे.

कोणी हसले नाही. अमीन मला म्हणाला, की लिहा. मी लिहिले, की घागर एक, पितळी, पोटावर पोचा, पतीने फेकल्यामुळे. पंचाने सही केली. त्याची बोटे दंडुक्याने सुजली होती, म्हणून सही वाकडी आली.

त्यानंतर एकेक बाई येत गेली. पहिलीने सांगितल्यावर दुसरीला लपवण्यात अर्थ उरला नव्हता, आणि लपवले तर भांडे जाणार होते. कळशीचा काठ मोरीच्या दगडावर चेपला होता, कारण पगाराच्या दिवशी तिने दारूला पैसे दिले नव्हते. हंड्याच्या बुडाला टाका होता. तो हंडा पोटुशी असताना तिच्या पाठीवर बसला होता आणि पुढचे तिने सांगितले नाही, अमिनानेही विचारले नाही. एक तांब्या फक्त विहिरीत पडला होता. तो सांगताना त्या बाईच्या आवाजात जवळजवळ माफी होती.

मी लिहीत होते. माझे अक्षर बाबांसारखे आहे. हात स्थिर होता आणि मनात एक वर्गीकरण आपोआप चालू होते. भिंतीवर आदळलेल्याचा पोचा उथळ आणि रुंद, चुलीच्या कडेवरचा अरुंद आणि खोल, फरशीवरचा काठाला. इतके दिवस ज्या भांड्यांतून सगळ्यांना पाणी पिताना पाहिले, त्यांचा आकार मला त्या सकाळी प्रथम दिसला. पुरुष ओळीच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. एकेक कलम मोठ्याने वाचून दाखवावे लागे, तो नियम होता. त्यामुळे प्रत्येकाच्या कृत्याची आधी बायकोच्या तोंडून आणि मग माझ्या तोंडून, अशी दोनदा वाच्यता झाली. दुसऱ्या पंचाने आपल्याच हंड्याच्या कलमाखाली अंगठा उठवला तेव्हा त्याचा जबडा हलत होता. मी ते पाहिले. त्याचा अर्थ काय होणार हेही मला समजत होते. मी पुढचे कलम घेतले.

शेवटी दोन पराती उरल्या, एकाच घडणीच्या, कारण दोन्ही टॉवर चौकातल्या एकाच दुकानातल्या होत्या. एक आमची आणि एक त्या पंच कातारीच्या विधवा आईची. म्हातारीला आपल्या परातीची खूण सांगता येईना. तिच्यावर कोणी काही फेकलेच नव्हते, नवरा तरुणपणीच गेला होता. ती नुसती, म्हारी हे, म्हारी हे, म्हणत राहिली. अमिनाने दोन्ही गाडीत टाकायला सांगितले.

तेव्हा आई पुढे आली. ती परक्या माणसापुढे कधी बोलत नसे.

“वो मुड़ी हुई मेरी है,” ती म्हणाली. “परसों इन्होंने मेरे को मारी. देहली पे गिरी.” म्हणजे उंबरठ्यावर.

“तो यह इसी घर की हुई?”

“हाँ. दूसरी उनकी है.”

तिने पदर थोडा बाजूला केला. गळ्याच्या हाडावर निळे-पिवळे झाले होते. अमिनाने मान वळवली आणि म्हातारीची परात गाडीतून काढून तिच्या हातात दिली. माझ्या लेखणीकडे सगळे पाहत होते. मी लिहिले, की परात एक, पितळी, कड वाकलेली, भाडेकरूची, जप्त. मी ते वाचून दाखवत असताना बाबांनी छत्री खाली ठेवली आणि ते जमिनीवर बसले.

आमची परात, दोन घागरी आणि तांब्याचा बंब घेऊन गाडी देवास गेटच्या दिशेने गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ओळ थांबली. मग पुरुष आमच्या दारात आले.

त्यांनी बाबांना सदऱ्याला धरून खोलीतून ओढत ओट्याखाली आणले. भाडे थकल्याचा राग नव्हता, थकबाकी सगळ्यांचीच होती. दर महिन्याला आम्हाला दाखवत छत्री घेऊन जात होतास, हा राग होता. आणि त्याच्या आत दुसरा, ज्याचे नाव कोणी घेत नव्हते. दुसऱ्या पंचाने त्यांच्याच छत्रीने त्यांना मारले. काड्या तुटून बाहेर आल्या तेव्हा त्याने मुठीने मारायला सुरुवात केली. कोणीतरी बरगड्यांत लाथ घातली. बाबांनी हात वर केला तो वाचवण्यासाठी, आणि तो कोपराखाली मोडला. आवाज सुक्या फांदीचा येतो असे म्हणतात, तसा तो नव्हता. फार बारीक होता. आई त्यांच्या अंगावर पालथी पडली तेव्हा मारणे थांबले. ज्याच्यासाठी ती पालथी पडली त्यानेच परवा तिला मारले होते, हे आता लेखी होते आणि सगळ्यांना ठाऊक होते. विणकराने थुंकून म्हटले, “बाबूसाहब.” एवढेच.

आम्ही दोघींनी त्यांना बाजेवर घेतले. मी लाकडी पट्टी लावून हात बांधला. सकाळपासून मी वापरलेले ते एकच शास्त्र कोणाच्या तरी उपयोगाचे होते. घड्याळात दीड वाजला होता. डॉक्टरला आणायचे की कॉलेजला जायचे, हा प्रश्न मी विचारलाही नाही. आईनेच उत्तर दिले.

“तू जा,” ती म्हणाली. “खिडकी बंद होईल.”

मी फ्रीगंजातून चालत गेले. टॉवर चौकात भांड्यांच्या दुकानांसमोर धनत्रयोदशीसाठी नवे हंडे रचून ठेवले होते, एकालाही पोचा नसलेले. पावणेतीन वाजता मी फॉर्म आणि पाकीट खिडकीत दिले. कारकुनाने वडिलांचा व्यवसाय विचारला. टाइमकीपर, असे मी सांगितले.

दिवेलागणीच्या सुमारास परतले तेव्हा ओळीतल्या सगळ्या दारांना आतून कड्या होत्या. ऑक्टोबरात त्या वेळी कोणी दार लावून घेत नसे. चालत असताना मला एका खोलीमागून दुसऱ्या खोलीत मारल्याचे तेच आवाज ऐकू आले. शब्द फार नव्हते. पंचांसमोर सांगितलेल्या प्रत्येक वाक्याची किंमत चुकवली जात होती. पितळ वाचवायला मी जी अट शोधली होती, तिची ही दुसरी बाजू होती, आणि ती नोटिशीच्या मागे छापलेली नव्हती. विधवा म्हातारी तेवढी ओट्यावर बसून आपल्या परातीत गहू निवडत होती. आमच्या खोलीत बिजागरी तुटलेले दार लावता येत नव्हते. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. डॉक्टर येऊन गेला होता. आईने कोणाला पाठवले, पैसे कुठून दिले, मी विचारले नाही.

सकाळी मी बादली घेऊन नळावर गेले. शेजारीण आधीच आली होती. तिचा डावा डोळा बंद झाला होता आणि ओठ फाटला होता. घागर नळाखाली होती. तिच्या पोटावरच्या जुन्या पोच्याशेजारी दुसरा पडला होता, अरुंद आणि खोल. तिने माझी नजर कुठे गेली ते पाहिले आणि बोटाने तो पोचा दाखवला.

“नवी निसानी हुईगी, छोरी,” ती म्हणाली. “लिख ले.”

मी तेव्हा तिला सांगितले. काल सकाळी माझ्याजवळ पैसे होते, ते दिले असते तर गाडी रिकामी गेली असती आणि कोणाला काही बोलावे लागले नसते, असे सगळे क्रमाने. सांगताना मी कारण दिले नाही, कारण ते तिला दिसत होतेच. तिने ऐकून घेतले. घागर भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

“फीस भरई दी?” तिने विचारले.

“भर दी.”

तिने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिले आणि नळ बंद केला.

“तो अब पास हुई जाजे,” ती म्हणाली. आता पास हो.

भरलेली घागर कोणी एकटीने डोक्यावर घेत नाही. नळावर जी दुसरी असेल ती हात देते, आणि भांडण असले तरी देते. मी पुढे झाले. तिने माझा हात कोपराने बाजूला केला, गुडघ्यावर घागर टेकवली, आवाज न करता वर घेतली आणि पाणी सांडत निघून गेली.

त्याच आठवड्यात दिवाळी आली आणि नवे राज्यही. भाड्याची पुढची नोटीस नव्या राज्याच्या शिक्क्याने आली, थकबाकी जशीच्या तशी. मी पास झाले, पहिल्या वर्गात. निकालाच्या दिवशी ओळीतून अभिनंदनाला कोणी आले नाही. परीक्षेपर्यंतचे सहा महिने रोज सकाळी नळावर मी शेजारणीच्या आधी जाऊन उभी राहत असे. तिने एकदाही हात मागितला नाही.